काउंट रमफर्ड आणि तोफेच्या नळीची उष्णता

थंडीच्या दिवसांत आपण तळहातावर तळहात घासतों आणि ते ऊन होतात. बैलगाडीच्या आंसाला वंगण नसलें म्हणजे तो प्रथम करकरतो, मग तापतो आणि अखेर झिजून निकामी होतो. सुताराचें गिरमिट कठीण लांकडांतून नुकतेंच बाहेर निघालें असतां त्यास बोट लावूं नये, हें त्याच्या दुकानांतील लहान पोरालाहि ठाऊक असतें. घासल्यानें उष्णता उत्पन्न होते ही गोष्ट मनुष्यास हजारों वर्षांपासून माहीत आहे. आपल्या देशांत यज्ञाचा अग्नि अरणीचीं लांकडें घुसळूनच काढीत. परंतु ही उष्णता येते तरी कोठून? ती त्या लांकडांत किंवा लोखंडांत आधींच दडून बसलेली असते, कीं नव्यानें जन्म पावते? हा प्रश्न फार थोड्यांनीं विचारला. ज्या पुरुषानें तो तोफांच्या कारखान्यांत उभें राहून विचारला आणि उत्तर हातीं येईपर्यंत सोडला नाहीं, त्या काउंट रमफर्डचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडील माणसांपुढें थोडक्यांत मांडावें असें आम्हीं योजिलें आहे. हें चरित्र सर्वच अंगांनीं अनुकरणीय आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यांत घेण्यासारखें पुष्कळ आहे, आणि टाळण्यासारखेंहि कमी नाहीं.

रमफर्डचें मूळचें नांव बेंजामिन टॉम्सन. त्याचा जन्म २६ मार्च १७५३ रोजीं उत्तर अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत वोबर्न या गांवीं एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. तो प्रांत त्या वेळीं इंग्लंडच्या राजाच्या अमलाखालीं होता. मूल दोन वर्षांचें होण्यापूर्वींच बाप वारला आणि कांहीं काळानें आईनें पुनर्विवाह केला. तेराव्या वर्षीं त्याला सेलम येथील एका व्यापाऱ्याच्या दुकानांत उमेदवारीस ठेवण्यांत आलें. परंतु मुलाचें चित्त हिशेबाच्या वह्यांपेक्षां यंत्रांत आणि रसायनांत अधिक रमे. १७६६ सालीं इंग्लंडनें वसाहतींवर बसविलेला एक अप्रिय कर रद्द झाला, तेव्हां त्या आनंदाप्रीत्यर्थ तो आपल्या हातानें शोभेची दारू तयार करूं लागला. दारूचा भडका उडून त्याला मोठी इजा झाली. बंदुकीच्या दारूशीं त्याची पहिली ओळख झाली ती अशी. परंतु त्यामुळें तिच्याविषयींची त्याची जिज्ञासा कमी झाली नाहीं. पुढें एका मित्राबरोबर तो हार्वर्ड येथील विद्यालयांत शास्त्रावरील व्याख्यानें ऐकण्यास जाऊं लागला. विद्यालयांत नांव घालण्याइतकी त्याची ऐपत नव्हती, तरी श्रवणाची संधि त्यानें दवडली नाहीं.

१७७२ सालीं तो न्यू हॅम्पशर प्रांतांतील कॉन्कर्ड या गांवीं शिक्षक झाला. या गांवाचें पूर्वींचें नांव रमफर्ड असें होतें. तेथें त्याच वर्षीं एका श्रीमंत विधवेशीं त्याचें लग्न झालें. वर एकोणीस वर्षांचा आणि वधू त्याच्याहून बरीच वडील. विवाहानें त्यास जमीनजुमला मिळाला, गव्हर्नरच्या घरीं प्रवेश मिळाला, आणि लवकरच लष्करांत मेजरचा हुद्दाहि मिळाला. १७७४ सालीं त्याला सारा नांवाची कन्या झाली. परंतु त्याच सुमारास वसाहतींत इंग्लंडविरुद्ध असंतोषाचा वणवा पेटत होता. टॉम्सन राजपक्षाचा आहे असा लोकांस संशय आला आणि एके दिवशीं जमाव त्याच्या घरावर चालून आला. तो आधींच निसटला होता. संशय खोटा नव्हता. १७७५ सालीं त्यानें अदृश्य शाईनें लिहून आपल्या देशबांधवांच्या हालचालींची बातमी इंग्रज सेनापतीस पोंचविली, असें पुढें उघडकीस आलें आहे. १७७६ च्या मार्चमध्यें इंग्रज फौजेनें बोस्टन सोडलें तेव्हां तोहि लंडनला निघून गेला. पत्नी आणि दीड वर्षाची मुलगी मागें राहिलीं. पत्नीची व त्याची पुन्हां कधींच भेट झाली नाहीं. ती १७९२ सालीं निवर्तली.

लंडनमध्यें वसाहतींच्या कारभाराचा मंत्री लॉर्ड जॉर्ज जर्मेन याची मर्जी त्यानें संपादन केली. १७७८ सालीं या सरदाराच्या ससेक्समधील वाड्यावर राहत असतां त्यानें बंदुकीच्या दारूच्या शक्तीवर प्रयोग मांडिले. बंदूक टांगून ती उडवावयाची, तिला मागें किती झोका बसतो तें मोजावयाचें आणि त्यावरून गोळीचा वेग काढावयाचा, अशी त्याची रीत होती. प्रत्येक बारानंतर नळी पुसून साफ करावी लागे, आणि पुसतांना ती डाव्या हातानें धरावी लागे. येथें त्यास एक चमत्कारिक गोष्ट आढळली. ज्या वेळीं नळींत दारूबरोबर गोळी भरलेली असे, त्या वेळीं नळी कमी तापे. आणि नुसतीच दारू भरून बार काढला तर ती अधिक तापे. सामान्य समजुतीनें पाहतां याच्या उलट व्हावयास पाहिजे होतें. गोळी असली म्हणजे ज्वाळा नळींत अधिक वेळ कोंडून राहते, आणि गोळी नळीला घासतहि जाते. मग गोळीशिवाय नळी अधिक कां तापावी?

टॉम्सननें असें अनुमान केलें कीं, नळी तापते ती केवळ ज्वाळेच्या स्पर्शानें नव्हे. ज्वाळेचा जो अकस्मात् आघात धातूवर होतो, त्यानें धातूच्या अंतर्भागांत एक प्रकारची हालचाल उत्पन्न होते, आणि ती हालचाल हीच उष्णता होय. आजचें शास्त्र या गोष्टीचा उलगडा थोड्या वेगळ्या रीतीनें करील. दारूच्या शक्तीचा कांहीं भाग गोळीला वेग देण्यांत खर्च होतो आणि तो गोळीबरोबर नळीबाहेर निघून जातो. गोळी नसली तर तेवढी शक्ति वायूंत उष्णतेच्या रूपानें शिल्लक राहते. परंतु उष्णता आणि गति यांचा कांहींतरी नातेसंबंध आहे ही कल्पना त्याच्या मनांत रुजली ती या तापलेल्या नळीवर हात ठेवल्यामुळें. पुसण्याचें काम त्यानें चाकराकडून करविलें असतें तर तेवढ्यापुरतें ज्ञान त्याच्या हातून गेलें असतें. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १७७९ सालीं, तो रॉयल सोसायटीचा सभासद निवडला गेला आणि १७८१ सालीं त्याचा दारूवरील निबंध सोसायटीनें छापला.

अमेरिकेंतील युद्धाच्या अखेरीस तो राजाच्या घोडदळाचा अधिकारी म्हणून पुन्हां त्या देशांत गेला. १७८२ सालीं लाँग आयलंडवरील हंटिंग्टन या गांवीं त्याच्या हुकुमानें लोकांच्या दफनभूमीवर किल्ला बांधण्यांत आला आणि त्या कामीं थडग्यांवरील दगड उपटून वापरले गेले. तेथील लोकांनीं ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या विसरली नाहीं. बुद्धीची तीव्रता आणि अंतःकरणाची कोमलता हीं दोन्ही एकाच माणसांत नेहमींच नांदतात असें नाहीं, हें या चरित्रांत वारंवार दिसून येतें.

युद्ध संपल्यावर टॉम्सन युरोपांत नशीब काढण्यास निघाला आणि बव्हेरियाचा राजा इलेक्टर कार्ल थिओडोर याच्या पदरीं राहिला. इंग्लंडच्या राजानें १७८४ सालीं त्यास सर हा किताब दिला होता. म्यूनिक येथें त्यानें जवळ जवळ चौदा वर्षें काढलीं आणि तेथें त्याच्या कर्तृत्वाला बहर आला. बव्हेरियाचे शिपाई त्या वेळीं अर्धपोटीं व अर्धनग्न असत. टॉम्सननें त्यांच्यासाठीं बागा लावविल्या, त्यांना भाज्या पिकविण्यास लाविलें आणि कोणतें कापड अंगांत ऊब अधिक धरतें हें प्रयोगानें शोधून काढलें. लोंकर व पिसें हीं उबदार असतात तीं त्यांत कोंडलेली हवा उष्णतेला सहजासहजीं बाहेर जाऊं देत नाहीं म्हणून, हा त्याचा निष्कर्ष. या कामाबद्दल रॉयल सोसायटीनें १७९२ सालीं त्यास कॉप्ली पदक दिलें.

म्यूनिक शहरांत भिकाऱ्यांचा त्या काळीं सुळसुळाट होता. १ जानेवारी १७९० रोजीं टॉम्सननें शिपाई व न्यायाधीश यांच्या साह्यानें त्यांची एकदम धरपकड केली. परंतु त्यांस तुरुंगांत न टाकतां त्यानें त्यांना उद्योगगृहांत नेलें. तेथें स्वच्छ जागा, ऊब, काम आणि त्याबद्दल मजुरी मिळे. फौजेचे कपडे तेथेंच तयार होऊं लागले. बार्ली, वाटाणे व बटाटे यांचें स्वस्त आणि पौष्टिक कालवण त्यानें योजिलें. त्याच्या नांवाचें तें सूप पुढें युरोपांतील अनेक शहरांत गरिबांस वाटलें जात असे. थोड्या सरपणांत पुष्कळ शिजविणारी बंदिस्त चूल, धूर घरांत न कोंडणारें धुराडें, शहराच्या लोकांसाठीं मोठा सार्वजनिक बाग, हींहि त्याचींच कामें. तो बाग म्यूनिक येथें आजहि आहे. या सेवेबद्दल त्याला काउंट ही पदवी मिळाली, आणि ती घेतांना त्यानें नांव निवडलें तें रमफर्ड. ज्या गांवांतून जीव मुठींत धरून पळावें लागलें, त्याच गांवाचें जुनें नांव त्यानें जन्मभर मिरविलें.

आतां आपण त्याच्या सर्वांत प्रसिद्ध प्रयोगाकडे वळूं. म्यूनिकच्या शस्त्रागारांत पितळी तोफा तयार होत आणि त्यांवर देखरेख रमफर्डची होती. पूर्वीं तोफ पोकळच ओतीत. पण त्यांत नळीचें भोंक वांकडें येण्याचा संभव असे. पुढें अठराव्या शतकांत भरीव ठोकळा ओतून त्यांत भोंक पाडण्याची पद्धत पडली. यांत गिरमिट स्थिर असे आणि घोड्यांच्या साह्यानें तोफच आपल्या आंसाभोंवतीं फिरवीत. हें काम चालतांना तोफ फार तापे, आणि तिच्यांतून निघणारा धातूचा कीस तर त्याहूनहि अधिक तापलेला असे. कारखान्यांतील कामकऱ्यांना यांत नवल कांहींच नव्हतें. रमफर्डला मात्र तें नवल वाटलें.

त्या काळचे बहुतेक शास्त्रज्ञ असें मानीत कीं, उष्णता हा एक सूक्ष्म व वजनरहित द्रव पदार्थ आहे. त्याला कॅलोरिक असें नांव होतें. फडक्यांत पाणी मुरावें तसा तो प्रत्येक वस्तूंत मुरलेला असतो. वस्तु घासली अगर तिचा चुरा केला कीं फडकें पिळल्याप्रमाणें तो बाहेर पडतो. हें मत जर खरें असेल तर दोन गोष्टी दिसावयास पाहिजेत. पहिली ही कीं, जितका धातू अधिक झिजेल तितकी उष्णता अधिक निघावी. दुसरी ही कीं, ज्या किसांतून कॅलोरिक पिळून निघालें, त्या किसाचा उष्णता धारण करण्याचा गुण बदललेला असावा. रमफर्डनें या दोन्ही गोष्टी पारखण्याचें ठरविलें.

तोफ ओततांना तिच्या तोंडाशीं एक जादा ठोकळा राहत असे आणि तो मागाहून कापून टाकीत. रमफर्डनें हा टाकाऊ भागच प्रयोगास घेतला. त्याला पावणेआठ इंच व्यासाच्या नळकांड्याचा आकार देऊन त्यानें तो तोफेला एका बारीक मानेनें जोडलेला ठेवला, म्हणजे ठोकळ्यांतील उष्णता तोफेंत पसरून नाहींशी होऊं नये. त्यांतील भोंकांत त्यानें मुद्दाम बोथट गिरमिट बसविलें आणि तें सुमारें दहा हजार पौंडांच्या दाबानें तळाशीं दाबून धरलें. मग घोडे चालूं लागले आणि ठोकळा मिनिटास ३२ फेरे या वेगानें फिरूं लागला. अर्ध्या तासांत ९६० फेरे झाले आणि ११३ पौंड वजनाचा तो ठोकळा ६० अंश फॅरनहाइटवरून १३० अंशांवर गेला. इतक्या घर्षणांत धातू झिजला किती? अवघे ८३७ ग्रेन, म्हणजे आपले सुमारें साडेचार तोळे. एवढ्याशा किसांतून एवढ्या मोठ्या ठोकळ्याला तापविणारी उष्णता पिळून निघाली असें कोण मानील? शिवाय कीस आणि न झिजलेल्या धातूचे तुकडे हे सारख्याच वजनाचे घेऊन, सारखेच तापवून त्यानें पाण्यांत टाकले. दोहोंनीं पाणी सारखेंच तापविलें. किसाचा गुण मुळींच पालटला नव्हता.

कोणी म्हणेल, उष्णता हवेंतून आली असेल. म्हणून त्यानें हवेला आंत शिरण्यास वाव न ठेवतां प्रयोग केला; फरक पडला नाहीं. अखेर त्यानें ठोकळ्याभोंवतीं लांकडी पेटी बसविली आणि तींत पावणेएकोणीस पौंड पाणी ओतलें. प्रारंभीं पाणी ६० अंशांवर होतें. एका तासानें तें १०७ अंशांवर गेलें, दोन तासांनीं १७८ अंशांवर, आणि अडीच तास पुरे होतांच पेटींतील पाणी खळखळून उकळूं लागलें. विस्तव नाहीं, सरपण नाहीं, आणि थंड पाणी उकळत आहे, हें पाहून जमलेले लोक तोंडांत बोटें घालूं लागले. रमफर्डलाहि त्या वेळीं लहान मुलासारखा हर्ष झाला आणि तो त्यानें आपल्या निबंधांत लपविला नाहीं. त्यानें हिशेब केला कीं, पाऊण इंच जाडीच्या नऊ मेणबत्त्या जळून जेवढी उष्णता देतील तेवढी येथें उत्पन्न होत होती. त्याबरोबरच त्यानें हेंहि स्पष्ट केलें कीं, अन्न शिजविण्याचा हा कांहीं काटकसरीचा मार्ग नव्हे. घोड्यांची वैरणच जाळली असती तर याहून अधिक उष्णता मिळाली असती.

२५ जानेवारी १७९८ रोजीं त्याचा निबंध रॉयल सोसायटीपुढें वाचला गेला. त्याचा मुद्दा साधा होता. घोडे जोंवर फिरत राहतात तोंवर उष्णता निघतच राहते. तिला अंत नाहीं. जी वस्तु कितीहि उपसली तरी आटत नाहीं ती द्रव पदार्थ असूं शकत नाहीं. ठोकळ्याला बाहेरून एकच गोष्ट अखंड पुरविली जात होती आणि ती म्हणजे गति. तेव्हां उष्णता ही गतीचेंच एक रूप असली पाहिजे. जुन्या मताचे लोक त्या वेळीं लगेच हार गेले नाहींत. कॅलोरिकची कल्पना पुढें बरींच वर्षें टिकली. परंतु १८४० नंतर मँचेस्टर येथील जूल या शास्त्रज्ञानें किती कामापासून किती उष्णता निघते याचें माप काढलें. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइट तापविण्यास ७७२ फूट-पौंड काम लागतें, असें त्याचें माप १८५० सालीं प्रसिद्ध झालें; आजच्या मापापासून तें फार दूर नाहीं. त्यानें रमफर्डच्या जुन्या आंकड्यांवरूनहि हिशेब केला, तेव्हां १०३४ ही संख्या आली. ती अधिक येण्याचें एक कारण हें कीं, लांकडी पेटींत शिरलेली आणि भोंवतालीं निघून गेलेली उष्णता रमफर्डनें मोजली नव्हती.

वस्तु थंड होते ती कोणत्या मार्गानें, या प्रश्नाचाहि रमफर्डनें पुढें छडा लाविला. १८०४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्यानें दाखविलें कीं, चकचकीत पितळी भांड्यांतील ऊन पाणी सावकाश निवतें, आणि तेंच भांडें कापडानें मढविलें किंवा काळें केलें तर लवकर निवतें. हा प्रयोग आमच्या विद्यार्थ्यांना घरींहि करतां येईल. राखेनें घासून लख्ख केलेला एक तांब्या आणि चुलीवर काजळी धरलेला तसाच दुसरा तांब्या घ्यावा, दोहोंत सारखेंच ऊन पाणी भरावें, आणि कोणतें आधीं निवतें तें पाहावें.

आज बंदुकीची अथवा तोफेची नळी घडविणाऱ्या कारागिराला हेच प्रश्न सोडवावे लागतात. बार होतांच नळींतील वायूचें उष्णमान सेंटिग्रेड दोन हजार अंशांच्या वर जातें. नळी मुख्यतः त्या वायूनें आणि कांहीं अंशीं गोळीच्या घर्षणानें तापते. जेथें दारू पेटते त्या बाजूस, गोळी नळींत शिरते तेथें, झीज सर्वांत आधीं दिसते. आणि नळी तापलेली असतां बार काढीत राहिलें तर ती झीज फार झपाट्यानें वाढते. जाड नळींत धातू अधिक असल्यामुळें ती सावकाश तापते आणि तापली तरी सहसा वांकत नाहीं. परंतु ती निवतेहि सावकाश, आणि वाहून नेण्यास जड पडते. बारीक नळी हलकी खरी, पण थोड्याच बारांत तापते. बाहेरच्या अंगास लांब खांचा पाडल्या तर वजन कमी होतें आणि हवेशीं स्पर्श होणारा पृष्ठभाग वाढतो. पण खांचांतून निघून गेलेल्या धातूबरोबर उष्णता सामावून घेण्याची शक्तिहि तेवढी जाते. असा हा एका हातानें घेऊन दुसऱ्या हातानें देण्याचा व्यवहार आहे. १८८४ सालच्या मॅक्झिम बंदुकींत नळीभोंवतीं पाण्याचें वेष्टण बसविलें होतें. तिच्यांतून सतत मारा चालला म्हणजे तें पाणी उकळे, आणि उकळतांना नळीची उष्णता घेऊन जाई. रमफर्डनें लांकडी पेटींत जें पाणी उकळून दाखविलें, त्याचेंच हें दुसरें रूप होय. फरक इतकाच कीं, त्याचा प्रयोग उष्णतेचें स्वरूप जाणण्यासाठीं होता. हें यंत्र मनुष्यसंहारासाठीं होतें.

१७९९ सालीं रमफर्डनें लंडन येथें रॉयल इन्स्टिट्यूशन ही संस्था स्थापन करविली. शास्त्राचे शोध सामान्य लोकांच्या घरांत व कारखान्यांत पोंचावे हा तिचा हेतु. १८०१ सालीं तींत हम्फ्री डेव्ही या तरुणाची नेमणूक झाली आणि १८१३ सालीं डेव्हीनें एका लोहाराच्या मुलास, मायकेल फॅरडेला, तेथें मदतनीस म्हणून घेतलें. विजेच्या शास्त्राचा पाया घालणारा तो पुरुष याच संस्थेंत वाढला. रमफर्डला मात्र सहकाऱ्यांशीं जमवून घेणें कधींच साधलें नाहीं. थोड्याच वर्षांत तो लंडन सोडून पॅरिसला गेला.

तेथें त्याच्या आयुष्यांत एक विलक्षण योग घडून आला. कॅलोरिक हें नांव प्रचारांत आणणाऱ्यांतील प्रमुख म्हणजे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए. १७९४ सालीं क्रांतीच्या धामधुमींत त्याचा शिरच्छेद झाला होता. त्याच्या विदुषी विधवेशीं रमफर्डनें १८०५ सालीं विवाह केला. ज्यानें एकाचें मत मोडलें तोच त्याच्या घरचा धनी झाला. परंतु हा संसार सुखाचा झाला नाहीं. बाईंना पाहुण्यांची व मेजवान्यांची आवड, तर यांस एकांताची व शिस्तीची. एकदां तिनें बोलाविलेल्या मंडळींना त्यानें फाटक बंद करून बाहेरच ठेवलें. तेव्हां संतापानें तिनें त्याच्या आवडत्या फुलझाडांवर कढत पाणी ओतलें. १८०९ सालीं दोघें विभक्त झालीं. उरलेलीं वर्षें त्यानें पॅरिसजवळील ओटय येथें काढलीं. पांढरे कपडे उष्णता कमी दवडतात असा सिद्धांत असल्यामुळें तो हिंवाळ्यांतहि पांढरा पोषाख करी आणि लोक त्यास हंसत. २१ ऑगस्ट १८१४ रोजीं तेथेंच त्याचा अंत झाला. अमेरिकेंत टाकून दिलेली कन्या सारा १७९६ सालीं, बावीस वर्षांची होण्याच्या सुमारास, त्याला येऊन भेटली होती. ती १८५२ सालीं कॉन्कर्ड येथें वारली आणि तिच्या संपत्तींतून तेथें अनाथ मुलींसाठीं आश्रम निघाला.

रमफर्डचें मोठेपण कशांत होतें असें कोणी आम्हांस विचारलें तर आम्ही म्हणूं कीं, जी गोष्ट शेंकडों लोक रोज पाहत होते आणि पाहून विसरत होते, ती त्यानें पाहिली आणि विसरला नाहीं. कारखान्यांतील तापलेला कीस, स्वयंपाकघरांतील धूर, शिपायाचा पातळ कोट, यांपैकीं कोणतीहि गोष्ट त्यास क्षुल्लक वाटली नाहीं. त्याबरोबर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, हजारों भिकाऱ्यांसाठीं ज्यानें ऊबदार घर उभें केलें, त्यानें स्वतःच्या पत्नीकडे सोळा वर्षांत मागें वळून पाहिलें नाहीं, आणि ज्या शेजाऱ्यांत तो वाढला त्यांच्याशीं त्यानें इमान राखलें नाहीं. त्याच्या शास्त्राचा लाभ जगाला झाला. पण त्याच्या अशा वागण्यानें ज्यांचें नुकसान झालें त्यांना या शास्त्रानें तें भरून दिलें नाहीं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीसाठीं दुसरी झांकून ठेवणें हें प्रामाणिक चरित्रलेखन नव्हे. आमच्या विद्यार्थ्यांनीं त्याच्यापासून डोळे उघडे ठेवून पाहण्याची आणि मोजून मगच बोलण्याची संवय घ्यावी. घरच्या माणसांशीं कसें वागावें हें मात्र त्यांनीं दुसऱ्या कोणापासून शिकावें.